मिठातले धागे

मीठ निवडायचं काम असतं हे ते करायला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. तांदूळ निवडतात, डाळ निवडतात. मीठ कोण निवडतं? पण चंद्रपूरच्या बाहेर, मालधक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तेच काम केलं, आणि त्या काळात माझ्याकडून दुसरं काही झालंही नसतं.

चंद्रपुरात मीठ पिकत नाही. ते समुद्राकडून मालगाडीनं येतं. जिथे कोळसा आणि सिमेंट चढतं, त्याच धक्क्यावर मिठाची पोती उतरतात. तिथून ती ट्रकनं शेडमध्ये यायची. मोठं मीठ चक्कीत बारीक व्हायचं, त्यावर आयोडीनचा फवारा बसायचा, मग ते पाकिटात भरलं जायचं. पाकिटावर पत्ता चंद्रपूरचा असल्यामुळे दुकानदार सांगायचे, हे आपल्या इथलं मीठ आहे. लोकही तसंच समजून घ्यायचे. मूल, सावली, गडचिरोली, पार धानोऱ्याच्या बाजारापर्यंत ते जायचं. आमच्या घरीही पहिल्यापासून तेच होतं.

निवडणं चक्कीच्या आधी. एका लांब स्टीलच्या टेबलावर मीठ ओतायचे आणि मी आणि आणखी एक बाई अशा दोघी समोरासमोर बसून त्यातले काळे खडे, काड्या, कोळशाची कणी वेचायचो. सगळ्यात जास्त निघायचे ते धागे. पोती प्लास्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांची. धक्क्यावर उन्हात पडून राहिली की त्या पट्ट्या ठिसूळ व्हायच्या. पोतं नुसतं सरकवलं तरी त्यांचा भुगा पडायचा. निळे आणि हिरवे धागे लगेच दिसायचे. पांढरे दिसायचे नाहीत. त्यांच्यासाठी मिठातून बोटं हळूहळू फिरवावी लागायची. मीठ बाजूला व्हायचं आणि धागा बोटाला अडकायचा. एकदा सवय झाली की डोकं लागत नव्हतं. मला तेच हवं होतं.

हे काम धरण्याआधीच्या मे महिन्यात माझा नवरा गेला होता. तो ऑटो चालवायचा, बसस्टँडपासून जुन्या गेटच्या आत बाजारापर्यंत. दुपारच्या वेळी तो कधी घरी येत नसे, कारण नागपूरच्या गाड्या तेव्हाच लागायच्या. त्या दिवशी आला. कूलरसमोर भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "डोकं फिरून राह्यलं. पाणी दे."

त्याच्याकडे पाहूनच मला कळलं की ऊन लागलंय. अंग तापलेलं होतं पण घाम नव्हता. मी साधं पाणी न देता मीठ-साखरेचं करायला घेतलं. साखर विरघळत नव्हती, म्हणून ढवळत राहिले. वळून पाहिलं तर तो एका कुशीवर झाला होता. मी हाक मारली, हलवलं, बाहेर धावले. शेजारच्यांनी त्याच्याच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं हात लावून पाहिला आणि ऑटोतून खाली उतरवूसुद्धा दिलं नाही.

संध्याकाळी घरात बायका भरल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेले तर ओट्यावर त्या मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला तसाच होता. मला तहान लागली होती. मी तो पिऊन टाकला, विसळून पालथा घातला आणि बाहेर येऊन बायकांमध्ये बसले.

माझी सासू तेव्हा कोरपन्याला, तिच्या भाचीच्या लग्नात होती. अंधार पडायच्या सुमारास तिला आणलं. आल्यापासून ती रडली, ती कितीतरी महिने रडतच राहिली. मी रडले नाही. बायकांनी सांगून पाहिलं. "रडून घे माय, नाई तं आत बसते ते." एकीनं मला जवळ घेऊन हलवलंसुद्धा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून माणसं आली, पांढरी साडी नेसून मी वंदना म्हटली. सगळी नीट म्हटली, कुठे अडखळले नाही. लोक निघताना माझ्याकडे पाहत होते. सासू म्हणाली, "तुले काई वाटत नाई का वं?"

"माहीत नाई, आत्याबाई," मी म्हणाले.

मला खरंच माहीत नव्हतं. जेवण जात होतं. झोप येत नव्हती, पण त्याचा त्रासही वाटत नव्हता. ऑटो विकला गेला तेव्हा नवा माणूस तो सुरू करून गल्लीतून घेऊन गेला, आणि मी दारात उभी राहून भाजीवाल्याशी बोलत होते.

मूल नव्हतं. घरात आम्ही दोघीच. पावसाळा संपताना गल्लीतल्या एका बाईनं सांगितलं, मिठाच्या शेडमध्ये बायका पाहिजेत. मी गेले. मालक पन्नाशीचा माणूस होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, स्वतःच बसून पाकिटं सील करत होता. त्यानं माझं शिक्षण विचारलं नाही, घरचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "हाताले कुठी कापलं-गिपलं तं नाई ना? मीठ झोंबते."

टेबलावर माझ्यासमोर जी बसायची तिला सगळे बाई म्हणत, मीही म्हणायला लागले. ती गोंड होती, धानोऱ्याच्याही पलीकडच्या एका गावची. तिचा भाऊ शेडवर चौकीदार होता आणि त्याच्या खोलीत ती राहायची. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत गावाकडे जायची, नंतर परत यायची. बोलायची कमी. पहिल्याच दिवशी दुपारी डबा खाताना तिनं विचारलं, "घरी कोण कोण हाय?" मी सांगितलं. नवरा गेला तेही सांगितलं, आणि का कोण जाणे, लोक मला रडायला सांगतात हेही सांगितलं.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाली, "नाई आलं रडणं तं नाई आलं. इथी तसंबी मिठावर पाणी पडू देत नाई."

मी हसले असेन बहुतेक. ती हसली नाही.

मिठानं हात आधी फाटतात. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, रात्री धगधगतात. मग हळूहळू कातडी जाड होते आणि चिरा बंद होतात. थंडी सुरू झाली तोवर माझ्या बोटांना कळणं कमी झालं होतं. चुलीवरून तवा उतरवताना सासूनं एकदा माझा हात धरून मागे ओढला. मी उघड्या बोटांनी कडा धरली होती आणि मला उशिरा समजलं. गंमत अशी की मिठातला धागा मात्र त्याच बोटांना कळायचा. बाईनं मोहाच्या बियांचं तेल एका बाटलीतून आणून दिलं. घट्ट, पिवळसर, त्याला एक वास असतो. घरी मी ते स्वतः लावायला लागले तर सासूनं बाटली माझ्या हातून घेतली. त्यानंतर रोज जेवण झाल्यावर ती माझे हात मांडीवर घेऊन तेल चोळायची. माझ्याकडे बघायची नाही. टीव्हीकडे तोंड करून चोळायची, आणि टीव्ही बंद असला तरी तिकडेच बघायची.

हे असंच चाललं असतं. मग तो व्हिडिओ आला.

कोणत्या तरी शहरातला एक माणूस मीठ पाण्यात विरघळवून, ते पाणी गाळून, गाळण्यावर काय उरतं ते दाखवत होता. तुम्ही रोज प्लास्टिक खाता, असं तो सांगत होता. दोनचार दिवसांत सगळ्यांच्या फोनवर तो पोचला. पाकिटाच्या मशीनवरची माणसं डबा खाताना तेच पाहत होती. गडचिरोलीच्या एका व्यापाऱ्यानं आमचा माल परत पाठवला. पाकिटं चांगली होती. लोक विचारतात, म्हणून पाठवला. ती खोकी शेडच्या कोपऱ्यात पडून राहिली आणि मालक येता-जाता त्यांच्याकडे बघायचा.

तो घाबरला होता, पण लपवणारा माणूस नव्हता. त्याच्या ओळखीच्या कुणाची मुलगी कॉलेजात अशाच तपासणीचं शिकत होती. त्यानं तिला बोलावलं. ती स्कूटीवर आली, काचेच्या बरण्या घेऊन. बावीस-तेवीसची असेल. तिनं पोत्यातलं मीठ घेतलं, आमच्या टेबलावरचं निवडलेलं घेतलं, चक्कीनंतरचं घेतलं, पाकिटातलं घेतलं. प्लास्टिकची पिशवी वापरत नव्हती, कपडेही सुती घालून आली होती, तिच्याकडूनच धागा मिसळायला नको म्हणून. माझ्या शेजारी उभी राहून ती थोडा वेळ आमचं काम पाहत होती.

"दिवसभर हेच करता?" तिनं विचारलं.

"हो."

"कंटाळा नाही येत?"

मी नाही म्हणाले. तिला वाटलं असेल की मालक ऐकतोय म्हणून म्हणतेय. तसं नव्हतं.

काही दिवसांनी ती परत आली. मालकानं आम्हा दोघींनाही ऑफिसात बोलावलं, खुर्च्या दिल्या. तिनं फोनवर फोटो दाखवले. एका करड्या गोलात एक निळा धागा होता, केस पिळून ठेवावा तसा. बाजूला काचेच्या चुऱ्यासारखे तुकडे. पुढच्या फोटोत आणखी धागे, हे बारीक, काळसर.

"हे निवडून झालेल्या मिठातलं आहे," ती म्हणाली.

मालकानं आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे यायनं नीट नाई निवडलं?"

"नाही, काका. हे डोळ्यांना दिसतच नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. यांनी निवडलं ते मोठे धागे."

"मंग हे येते कुठून?"

"थोडं समुद्रातूनच येतं. थोडं पोत्यांतून, चक्कीच्या पट्ट्यातून, पाकिटातून. हवेतूनसुद्धा पडतं."

"दुसऱ्या कंपनीच्या मिठात नसन."

"मी बाजारातली पाच-सहा पाकिटं आणून पाहिली. सगळ्यांत आहे. कुठे कमी, कुठे जास्त. तुमचं फार वाईट नाही."

मालकानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्यालाच समजत नसावं. "खाल्ल्यानं काय होते पण?"

मुलगी म्हणाली, "नक्की सांगता येत नाही अजून. चांगलं तर नसणारच. पण किती वाईट, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही."

बाईनं तेव्हा तोंड उघडलं. "पोटातून निंगते का आतच राहते?"

"बरंचसं निघून जात असेल. काही राहत असेल."

बाईनं मान हलवली. मुलीनं फोन माझ्याकडे केला, मला नीट दिसावं म्हणून फोटो मोठा केला आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

मी त्या निळ्या धाग्याकडे पाहिलं. दिवसभर मी तेच बघत असे, हा फक्त मोठा दिसत होता. मला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. इतकी मुद्दाम आलीय, विचारतेय.

"काई नाई," मी म्हणाले.

तिनं फोन बंद केला. जाताना तिनं आम्हा दोघींना सांगितलं की काम करताना नाकाला रुमाल बांधत जा. आम्ही काही दिवस बांधला.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. पाकिटाच्या मशीनवरचा एक माणूस आमच्याच वस्तीतला होता. मी घरी आले तेव्हा सासू स्वयंपाकघरात खाली बसली होती आणि तिच्यापुढे मिठाचं पाकीट होतं. फुटकी पाकिटं आम्हाला घरी न्यायला मिळत, त्यातलंच एक. तिनं ते ताटलीत ओतलं होतं आणि बोटानं पसरलं होतं.

"मले तं काईच नाई दिसत," ती म्हणाली.

"दिसत नाई ते, आत्याबाई."

तिनं पुन्हा एकदा मिठातून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी हेच मीठ होतं का घरात?"

कोणता दिवस ते विचारायची गरज नव्हती. "हेच होतं."

"तूनं त्याले मिठाचं पाणी देल्लं होतं."

तिच्या मनात काय आलंय ते मला तेव्हा समजलं. मी समोर बसले. "देत होती. त्यानं घेतलं नाई."

"काऊन नाई घेतलं?"

"होईस्तोवर तो गेला होता."

सासूनं माझ्याकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं. मी कधी लपवलं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं. ती कोरपन्याहून आली तेव्हा बायकांनी तिला सांगितलं असणार की बायकोनं मीठ-साखरेचं पाणी दिलं, सगळं केलं, पण उपयोग झाला नाही. इतके महिने ती तेच धरून बसली होती. शेवटी माझ्या पोरानं बायकोच्या हातचं पाणी घेतलं आणि मग गेला, असं.

"म्हंजे तहानेलाच गेला," ती म्हणाली.

तिला खोटं सांगता आलं असतं, ते मला नंतर सुचलं.

"मंग त्या पाण्याचं काय झालं?"

"मी प्याली."

आता ही ओरडेल, असं मला वाटलं. ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती ताटलीतलं मीठ एका बाजूला गोळा करत होती. कितीतरी वेळ गोळा करत होती.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "कोणी तरी प्यालं."

मग ती उठली, मीठ परत डब्यात घातलं आणि भाजीला लागली. ते मीठ टाकायचा विचार आमच्या दोघींच्याही मनात आला नाही. दुसरं आणलं असतं तरी त्यातही तेच होतं. त्या दिवसानंतर मात्र ती मला न रडण्यावरून एकदाही बोलली नाही.

शेडमध्ये मालकानं आधी टेबलावर मोठा दिवा लावला. मग भिंगं आणली. भिंगातून मीठ निवडताना अर्ध्या तासात डोकं दुखायचं आणि दिसायचं काहीच नाही. बाई भिंग बाजूला ठेवून बोटांनीच काम करायची. होळीच्या थोडं आधी ट्रकमधून एक मशीन आलं. मोठी हलणारी चाळणी होती ती. मीठ वरून टाकलं की गदगदा हलत खाली जायचं आणि धागे, काड्या, खडे एका बाजूच्या तबकात पडायचे. पहिल्या दिवशी सगळे काम थांबवून बघायला जमले. तबकात धाग्यांचा पुंजका साचला तेव्हा मालक लहान पोरासारखा खूश झाला.

"पाहा, किती निंगून राह्यलं," तो आम्हाला म्हणाला.

खरंच खूप निघत होतं. आम्ही दोघी दिवसभरात काढायचो त्याहून जास्त.

संध्याकाळी त्यानं आम्हाला थांबवलं. बोलायला त्याला जड जात होतं, चष्म्याचा दोरा सारखा सोडत होता, बांधत होता. "टेबलाचं काम तं आता उरलं नाई, बाई. पाकिटाकडे एका जणीची जागा करू शकतो. दोघींची नाई होत."

"हिले ठेवा," बाई म्हणाली.

"बाईले ठेवा," मी म्हणाले.

मालक वाट पाहत उभा राहिला. बाईही उभी होती, मीही. मला भांडायचं नव्हतं आणि दान करायचं नव्हतं. ठरवायला लागू नये, एवढंच वाटत होतं. शेवटी बाई म्हणाली, "मोह लागलाच हाय. मी तं जाणारच होती गावाले," आणि चालायला लागली. मीही तिच्यामागे निघाले. मालक दारापर्यंत आला.

"त्या पोरीनं दाखवलं ते तं या चाळणीतूनबी जाते," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "पण दुकानदाराले दाखवाले काही तरी लागते ना." आणि त्यानं आम्हाला दोन-दोन पाकिटं मीठ दिलं.

त्या आठवड्यात बाई घरी आली. सासूनं तिला चहा दिला. बाई मला म्हणाली, "चाल माह्यासंग. मोह येचू. हे हात असे रिकामे नको ठेवू." मी सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "जा. मी काई मरून नाई राह्यली."

आम्ही गडचिरोलीपर्यंत एसटीच्या लाल गाडीनं गेलो, पुढे धानोऱ्याला दुसऱ्या गाडीनं, आणि तिथून जीपमध्ये. बाईच्या घरी तिची भावजय होती, भावजयीच्या मुली होत्या. संध्याकाळी जेवताना बाई त्यांना गोंडीत काहीतरी सांगत होती आणि त्या हसत होत्या. मला कळेना.

"काय सांगतलं?"

"सांगतलं का आपण मिठासंग पोतंबी खातो. ही म्हणते, तरीच कमी जेवूनबी पोट भरते."

भावजयीनं माझ्या पानात आणखी भात वाढला.

तांबडं फुटायच्या वेळेला आम्ही रानात जायचो. पूर्वी मोहाखालचा पाला जाळून जमीन साफ करायचे. आता तिथे बऱ्याच जणांनी झाडाखाली हिरवी जाळी अंथरली होती. फुलं जाळीवर पडायची, तीच गोळा करायची, मग अंगणात वाळत घालायची. ती जाळीही उन्हानं विरत होती. दोन-तीन दिवसांनी मी अंगणात बसून वाळत घातलेल्या फुलांतून हिरवे धागे काढत होते. कोणी सांगितलं नव्हतं. बसले आणि हात चालायला लागले.

"राहू दे," बाई ओसरीवरून म्हणाली.

मी काढत राहिले. फुलं चिकट असतात, धागा सुटत नाही. मिठातून सुटतो तसा सुटत नाही. एक काढला की त्याच्या खाली दुसरा. मला ते थांबवता येईना. ऊन डोक्यावर आलं, बाई दोनदा हाक मारून गेली. मग ती आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचेही हात माझ्यासारखेच, खरखरीत.

"बस," ती म्हणाली. "झालं."

तिनं हात सोडले नाहीत. मी ओढून पाहिले, तिनं घट्ट धरले. थोड्या वेळानं माझ्या हातातला जोर गेला. तिनं मला उठवून ओसरीवर नेलं, चटई टाकली. मी आडवी झाले आणि झोपले. नवरा गेल्यापासून मला दिवसाढवळ्या झोप लागली नव्हती. उठले तेव्हा ऊन अंगणातून निघून गेलं होतं आणि भावजय फुलं गोळा करून टोपल्यात भरत होती, धाग्यांसकट. मला कोणी काही विचारलं नाही.

तिथेच मला कळलं की भावजयीची मोठी मुलगी गडचिरोलीत ज्या वसतिगृहात शिकते तिथे स्वयंपाकाला बाई हवी आहे. परतताना आम्ही तिथे उतरलो. तिथल्या मॅडमनी मला एक दिवस स्वयंपाक करून दाखवायला सांगितलं. मी केला. त्यांनी ये म्हटलं. मागच्या अंगाला एक खोलीही मिळाली. चंद्रपूरचं घर सोडायला सासू तयार होईल असं मला वाटलं नव्हतं, पण तिनं एका दिवसात बोचकी बांधली. माणूसच नाही तर घर कशाला, म्हणाली. आता गडचिरोलीत आम्हाला तिसरं वर्ष आहे. बाई बाजाराला आली की आमच्याकडे जेवून जाते. मिठाच्या शेडचं काम चालू आहे. इथल्या दुकानांत ते पाकीट पुन्हा दिसायला लागलं आहे. व्हिडिओ सगळे विसरले. त्या कॉलेजच्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. तिला मी नीट उत्तर द्यायला हवं होतं असं कधीकधी वाटतं, पण दुसरं काय दिलं असतं ते आजही सांगता येत नाही.

बोटं बरीच सुधारली आहेत. गरम भांडं कळतं. त्या काळात जिभेची चवही गेली होती, ती मात्र पूर्ण परत आली नाही. गोड समजतं, तिखट समजतं. मीठ किती झालं ते समजत नाही. जेवताना काही फरक पडत नाही, पण एवढ्या मुलींची भाजी करताना पडतो. सुरुवातीला मी अंदाजानं टाकायची आणि मुली कुरकुर करायच्या. कधी अळणी, कधी तोंडात घालवत नसे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूनं न सांगता ओळखलं.

आता रोज संध्याकाळी वाढायच्या आधी ती स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर येऊन बसते. मी डावातली थोडी भाजी तिच्या तळहातावर घालते. ती फुंकर मारते, चाखते, थोडा वेळ जिभेवर घोळवते. बाहेर मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या असतात, भांडतात, हसतात.

"टाक अजून," ती म्हणते.

मी टाकते, ढवळते, पुन्हा तिच्या हातावर घालते.

"हं. वाढ आता."

मी पातेलं उचलते आणि बाहेर नेते.